मदत हवी आहे : शेवटच्या दोन नमुन्यांत 2-एजी तिप्पट का?

मंडळी, पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे. रॅटच्या कॉर्टेक्समधले (मेंदूच्या बाहेरच्या थरातले) एंडोकॅनाबिनॉइड्स, म्हणजे गांजातल्या घटकांसारखं काम करणारे शरीरातलेच स्निग्ध रेणू, एलसी-एमएसवर (रेणू वेगळे करून वस्तुमानाने ओळखणाऱ्या मशीनवर) मोजतोय. त्यातले मुख्य दोन : आनंदामाइड आणि 2-एजी (2-अॅराकिडोनॉइलग्लिसेरॉल). 10 प्राणी झाले. आनंदामाइड सगळ्यांत जवळपास सारखं आलं. (1992 मध्ये डुकराच्या मेंदूतून ते वेगळं काढलं, तेव्हा नाव आपल्या 'आनंद'वरूनच ठेवलं. विवाला हे सांगितलं की परीक्षक हसतात, एवढाच त्याचा फायदा.) 2-एजी मात्र 8 जणांत ठीक आणि शेवटच्या दोघांत तिप्पट. शिवाय आलेखात त्याच्या पीकला (शिखराला) चिकटून, त्याच 379 ते 287 ट्रान्झिशनवर (379 वस्तुमानाच्या रेणूचा 287 चा तुकडा), मागोमाग दुसरं पीक दिसतंय. ते मोजायचं की सोडायचं?

आणखी एक. प्रस्तावनेत मी 'नेप-पीएलडी हे एन्झाइम आनंदामाइड बनवतं' असं लिहिलं होतं. गाईडनी लाल पेनाने 'नक्की?' एवढंच लिहून कागद परत दिला. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मीठभाकर : गाईड बरोबर आहेत. कॅल्शियमवर चालणारं एक अॅसाइलट्रान्सफरेज एन्झाइम शेजारच्या फॉस्फोलिपिडच्या (पेशीच्या पडद्यातल्या स्निग्ध रेणूच्या) पहिल्या जागेवरचं फॅटी अॅसिड उचलून फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमीन या दुसऱ्या फॉस्फोलिपिडच्या नायट्रोजनवर बसवतं. त्याचं होतं नेप, आणि नेप-पीएलडी ते कापून आनंदामाइड आणि त्याची भावंडं (त्याच घराण्यातले रेणू) सोडतं. आता गंमत बघा, त्या पहिल्या जागेवर आनंदामाइडला लागणारं अॅराकिडोनिक अॅसिड क्वचितच असतं, बहुधा पामिटिक किंवा स्टिअरिक. म्हणून पीईएसारखी (पामिटिकपासून बनणारी) भावंडं भरपूर आणि आनंदामाइड चिमूटभर. 2006 मध्ये नेप-पीएलडीचं जनुक काढलेले उंदीर तपासले, तर मेंदूतली लांब साखळीची संपृक्त भावंडं खूप घटली, पण आनंदामाइड जागच्या जागी! नंतरच्या काही नॉकआउट (जनुक काढलेल्या) उंदरांत आनंदामाइडमध्येही थोडी घट दिसली. म्हणजे एबीएचडी4, जीडीई1 या दुसऱ्या एन्झाइमांच्या आडवाटाही आहेत. 'एक प्रमुख मार्ग' लिहा, लाल पेन थांबेल.

ध्रुव_तारा : 2-एजीचा कारखाना वेगळा. डायअॅसिलग्लिसेरॉलमधून डीएजी लायपेज ते कापून देतं, मेंदूत मुख्यतः अल्फा प्रकार. तो नसलेल्या उंदरांच्या मेंदूत 2-एजी सुमारे 80 टक्क्यांनी कमी होतं.

तुमचं दुसरं पीक बहुधा 1-एजी आहे. 2-एजीत ग्लिसेरॉलच्या मधल्या जागेवरची फॅटी अॅसिडची साखळी आपोआप कडेला सरकते, की झालं 1-एजी. वस्तुमान तेच, तुकडेही तेच, म्हणून मशीनला फरक कळत नाही. दोन्हींची बेरीज द्या. तुलनेसाठीचं ड्युटेरियमवालं (जड हायड्रोजनचं) 2-एजी होमोजिनायझेशनच्या (ऊती वाटण्याच्या) आधी घालत असाल तर त्याचंही असंच शेपूट दिसेल. ते दिसलं, तर साखळी तुमच्या हाताळणीत सरकतेय.

तिपटीचं म्हणाल, तर एकच प्रश्न. मान कापल्यापासून नमुना गोठेपर्यंत प्रत्येकाला किती वेळ लागला? रक्त थांबलं की पेशींत कॅल्शियम शिरतं आणि लायपेज कामाला लागतात. प्राणी मेला म्हणून एन्झाइम मरत नाही. 2-एजी काही मिनिटांतच चढतं. आनंदामाइडही चढतं, पण सावकाश.

धागाकर्ता : वही काढली. 9 आणि 10 नंबरच्या वेळी लिक्विड नायट्रोजनचा कॅन रिकामा झाला होता. मी दोन्ही मेंदू बर्फावर ठेवून शेजारच्या लॅबमधून कॅन आणायला गेलो. समासात माझ्याच अक्षरात '14 मि.' लिहिलंय आणि मी ते साफ विसरलो होतो.

मीठभाकर : बर्फावर एन्झाइम मंदावतं, थांबत नाही. ते दोन्ही गाळा, कारण थीसिसमध्ये सांगा आणि पुन्हा करा.

धागाकर्ता : करतो. आधी कॅन भरून घेतो.