युद्ध नको म्हटलं म्हणून सोसायटीच्या ग्रुपवरून काढलं, माझं चुकलं का?

नुसताच_वाचक
मंडळी, मे २०२५ मधली, पहलगामनंतर पाकिस्तानशी चकमक चालू होती तेव्हाची गोष्ट आहे पण अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून विचारतोय. ८ मेच्या रात्री आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता धुमाकूळ चालला होता, कराची बंदर उडवलं, इस्लामाबाद घेतलं, तिकडे टीव्हीवाले स्टुडिओत बसून सायरन वाजवतायत, बी विंगमधले एक काका तर लाहोरला प्लॉटचा काय रेट चाललाय म्हणून विचारतायत. मी एवढंच लिहिलं की अहो खरं आहे का ते आधी बघा, आणि पहलगामला २६ जणांना मारणाऱ्यांना सोडायचं नाहीच, पण पूर्ण युद्धाची एवढी हौस कशाला, पूंछमध्ये तोफगोळ्यांनी आपलीच माणसं मरतायत. बस. लगेच "पाकिस्तानात जा" सुरू, मग एकाने विचारलं "हा ओनर आहे का भाडेकरू?", आणि पाच मिनिटांत ॲडमिनने मला काढलं पण. आता आमच्याकडे टँकर कधी येणार तेही त्याच ग्रुपवर कळतं, त्यामुळे दोन दिवस पाणी भरायचंच राहिलं. बायको म्हणाली काय नडलं होतं, डीपीला तिरंगा लावायचा आणि गप बसायचं. तिने लावला होता. मी लावला नव्हता, आणि तेही म्हणे लोकांनी बघून ठेवलेलं.

कराची बंदर सकाळी जागच्या जागी होतं. पण ग्रुपवर कोणी साधं चुकलं पण म्हणालं नाही. तर प्रश्न असा की अशा वेळी गप्प बसायचीही सोय नसेल तर माणसाने करायचं काय?

रोखठोक
भाऊ, टायमिंग चुकलं तुझं. जवान सीमेवर असताना शंका काढायच्या नसतात, त्या नंतर काढ. डोंबिवलीचे तिघे गेले पहलगामला, त्यांच्या बिल्डिंगखाली उभं राहून म्हणशील का हौस कशाला? आणि ग्रुप ॲडमिनचा, ठेवेल नाहीतर काढेल. हे जे स्वातंत्र्य स्वातंत्र्य चाललंय ना ते फौज आहे म्हणून आहे.

कोरेगावची_लेक
रोखठोकदादा, फौजेचं नाव घेतलंत म्हणून लिहिते, एरवी मी इथे नुसती वाचत असते. माझे वडील ७१ च्या लढाईत होते, आता ७४ वर्षांचे आहेत. आमच्या साताऱ्यात आपशिंगे मिलिटरी म्हणून गाव आहे, गावाच्या नावातच मिलिटरी, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले ते परत आले नाहीत, इंग्रजांनी त्यांच्या नावाने स्तंभ बांधून दिला. आमच्या भागात घरटी कोणीतरी फौजेत असतंच, पण लढाई व्हावी असं म्हणताना मी तरी एकही बाई पाहिली नाही हो.

दादा, म्हणजे माझे वडील, लढाईचं काही सांगत नाहीत. एकच गोष्ट सांगतात, तीही फार खोदून विचारलं तर. त्यांच्या सेक्शनमधल्या एकाला लिहिता येत नव्हतं म्हणून त्याचं घरी जाणारं पत्र दादांनी लिहून दिलं होतं, म्हैस एवढ्यात विकू नका, सुट्टीवर आलो की बघू, असं. त्याच्या घरी तार आधी पोचली आणि पत्र मागून. त्या ८ तारखेच्या रात्री आमच्याकडेही टीव्ही चालू होता, दादांनी उठून आवाज बंद केला आणि नुसतं चित्र बघत बसले.

आणि ११ मेला पुण्यातच जनरल नरवणे काय म्हणाले ते ऐकलंत ना, युद्ध म्हणजे रोमँटिक काही नाही, बॉलिवूडचा सिनेमा नाही. माजी लष्करप्रमुख आहेत ते. त्यांनाही विचारा ओनर का भाडेकरू.

कलमवाला
ताई __/\__

मूळ प्रश्नाबद्दल. ग्रुपवरून काढणं बेकायदा नाही, तिथे रोखठोकचं बरोबर आहे, पण "नंतर शंका काढ" हे मला पटत नाही कारण ते नंतर येतंच नाही लवकर. ६२ ची लढाई चालली महिनाभर. आणीबाणी लागली २६ ऑक्टोबर १९६२ ला आणि उठली कधी, तर जानेवारी १९६८ मध्ये! मधल्या काळात चिनी वंशाच्या लोकांना, म्हणजे आसाम-बंगालमध्ये जन्मलेल्या, दुकानं चालवणाऱ्या लोकांना बायकापोरांसकट उचलून राजस्थानात देवळीच्या कॅम्पात नेऊन ठेवलं, काही जण तर वर्षानुवर्षं तिथेच. ७१ ची लढाई १३ दिवसांची, पण ३ डिसेंबरला लावलेली आणीबाणी थेट मार्च १९७७ पर्यंत. म्हणजे २५ जून १९७५ ला इंदिराबाईंनी जी लावली ती आधीच्या चालू आणीबाणीवर दुसरी, हे लोक विसरतातच. तेव्हा कराडच्या साहित्य संमेलनात लेखिका दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध बोलल्या, आणि पुढे तुरुंगात गेल्या. १९७८ च्या घटनादुरुस्तीनंतर आता आणीबाणीतही जगण्याचा हक्क काढून घेता येत नाही, पण तेवढं शिकायला आपल्याला दोन लढाया आणि एक तुरुंगवारी लागली.

आणि हे काही जुनं नाही. याच मे मध्ये पुण्यात १९ वर्षांची इंजिनिअरिंगची मुलगी या लढाईवरून सरकारवर टीका करणारी एक पोस्ट शेअर करते, लगेच डिलीट करून माफी मागते, तरी अटक, वर कॉलेजनेही काढून टाकलं. हायकोर्टाने २७ मेला सरकारला झापून जामीन दिला म्हणून बिचारीला परीक्षेला बसता आलं. पोस्ट मलाही आवडली नव्हती. पण म्हणून कोठडी??

एडिसनकर
डीपीचं वाचून आठवलं म्हणून. सप्टेंबर २००१ मध्ये मी इकडे अमेरिकेत नवीन होतो. न्यूयॉर्कच्या ९/११ च्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी ॲरिझोनात एका पगडीवाल्या सरदारजींना त्यांच्याच पेट्रोल पंपावर गोळी घातली, मुसलमान समजून. मग आम्ही सगळे देशी लोक गाड्यांना अमेरिकेचे झेंडे लावत सुटलो, मी तीन दुकानं फिरलो, सगळीकडे संपलेले, शेवटी एका सहकाऱ्याने त्याच्याकडचा जास्तीचा दिला. प्रेम होतं का? भीती होती हो निव्वळ. आठवडाभराने गाडी धुताना तो फाटला तर नवीन मिळेपर्यंत मी गाडी गराजमधून बाहेर काढली नव्हती. पुढे २००३ ला इराकच्या वेळी ऑफिसात सगळे महासंहारक अस्त्रांवर तज्ज्ञ झालेले, मी मान डोलवायचो. अस्त्रं काही सापडली नाहीत. मान डोलवल्याचं अजून खटकतं मला, म्हणून म्हणतो, वाचकराव तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

रोखठोक
ताई, काकांना माझा नमस्कार सांगा, मनापासून. पण पाकिस्तान समोर असताना हात बांधून बसायचं का याचं उत्तर इथे कोणीच दिलेलं नाही. मुलीची अटक चूक, मान्य.

कलमवाला
हात बांधा कोण म्हणतंय, तोंड बांधू नका म्हणतोय. १० मेला शस्त्रसंधी झाल्यावर परराष्ट्र सचिव मिस्रींना इतक्या शिव्या पडल्या की त्यांना अकाउंट लॉक करावं लागलं. ते पण पाकिस्तानात जाऊ देत का मग?

नुसताच_वाचक
सगळ्यांचे आभार, रोखठोक तुझेही. अपडेट: काल मला परत ॲड केलंय, टँकरची वर्गणी काढायची होती. लाहोरवाल्या काकांनी स्वतः वेलकम लिहून फूल टाकलंय, त्यांच्या डीपीला आता नातवाचा फोटो आहे. कोणी काही विषय काढला नाही. मीही नाही काढला, टँकर किती वाजता एवढंच विचारलं. साडेसहाला आहे.