इन्सुलेशनपेक्षा सोल बघा
अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एल्कच्या (एक मोठं हरीण) शिकारीसाठी ८०० ग्रॅम इन्सुलेशनचे, म्हणजे ऊब धरणाऱ्या जाड अस्तराचे बूट घ्यावेत का, असं एकाने विचारलंय. सप्टेंबरच्या तिरंदाजी सीझनला (धनुष्यबाणाने शिकारीचा हंगाम) जाणार असाल तर अजिबात नको. चढावर पाय घामाने चिंब होतात आणि दबा धरून बसलात की तोच घाम गारठतो. बिनइन्सुलेशनचे बूट, मेरिनो लोकरीचे मोजे, झालं. नोव्हेंबरच्या बर्फात गोष्ट वेगळी.

खरी पारख सोलची. दुकानात बूट मधोमध वाकवून पाहा (दुकानदार बघेना का!), सहज दुमडला तर ठेवून द्या. शिकार केलेल्या एल्कची मागची तंगडी पाठीवर घेऊन सुट्या दगडांवरून उतरताना मऊ सोल रडवतो. माप संध्याकाळी, जाड मोजे घालून घ्या. उतारावर अंगठा पुढे आपटत असेल तर अर्धा नंबर मोठा घ्या.