मदत हवी आहे : ग्रंथालयातील सहकाऱ्यांचे प्रशिक्षण
सप्रेम नमस्कार. आमच्या तालुक्यातील ‘ब’ वर्ग सार्वजनिक ग्रंथालयात मी ग्रंथपाल आहे. दोन्ही सहायक पुस्तकांची देवघेव चोख करतात, वाचक त्यांना नावानिशी ओळखतात. परंतु वर्गीकरणाचा (ड्यूई दशांश पद्धतीने पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याचा) पाया कच्चा राहिल्यामुळे परवा एक मराठी कादंबरी मराठी साहित्याच्या ८९१.४६ ऐवजी ८९१.४३ या हिंदीच्या क्रमांकाखाली गेली आणि तीन दिवस कोणालाच सापडली नाही. दाखल नोंदवहीतील (ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या वहीतील) नोंदी ‘कोहा’ किंवा ‘ई-ग्रंथालय’ या ग्रंथालयांसाठीच्या संगणक प्रणालीत घेण्याचा विचार आहे, मात्र संगणक म्हटले की दोघेही माझ्याकडे पाहतात (आणि मी छताकडे!). ग्रंथालय बंद न ठेवता, साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दुपारी तासभर शिकवता येईल असा क्रम कोणी आखला आहे का? सुरुवात वर्गीकरणापासून करावी की थेट संगणकीय नोंदींपासून?