फोस्टरला आणलेली लॅब (लॅब्रेडॉर कुत्री), वजन 44 किलो, सारखी खायला मागते, काय करू?

मुलुंडकरीण
मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. तीन आठवड्यांपूर्वी रेस्क्यूवाल्या एका ताईंकडून लॅब घरी आणलीय, फोस्टर म्हणून, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला. सात-आठ वर्षांची असेल. आधीच्या घरी कायम बाल्कनीत, फिरवणं नाही, खायला उरलेला भात, चपात्या आणि चहाबरोबरची बिस्किटं. आली तेव्हा 44 किलो! नखं वाढून पंजाखाली वळलेली, कोपरांवर काळे जाड घट्टे, कानाला आंबूस वास, आणि गळ्यात पट्टा होता तिथे केसच नाहीत. पहिल्या रात्री पाणी प्यायला उठायला गेली तर फरशीवर पुढचे दोन्ही पाय दोन बाजूंना सरकले आणि ती तशीच हनुवटी टेकून पडून राहिली, ओरडली नाही काही नाही, नुसती माझ्याकडे बघत होती. ते डोळ्यांसमोरून जातच नाही.

नाव ठकी ठेवलंय. व्हेटनी कान साफ केले, नखं कापली, रक्त तपासलं, साखर किडनी लिव्हर ठीक आहे. दोन वेळा एक-एक वाटी ड्राय फूड आणि उकडलेला दुधी देते. तरी वजन 43.2 च. आम्ही जेवायला बसलो की येऊन सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवते, मग त्यांना राहवत नाही, तुपाचा घास जातोच. म्हणतात मुक्या जिवाला उपाशी ठेवून पाप कशाला घेतेस. खरं सांगायचं तर मलाही रात्री झोप लागत नाही, आपण छळतोय का तिला? आणि चालवायचं किती? लिफ्टपासून गेटपर्यंत गेली तरी धापा टाकते.

दादरचा_दादा
ताई, छळ अजिबात नाही. लॅबची भूक हा वेगळाच विषय आहे, 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा तुकडाच गायब सापडला, त्यामुळे पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट जात नाही. म्हणजे ती मागते तेव्हा खोटं नाही मागत, पण उपाशी आहे असंही नाही.

आता वाटी आधी बंद करा, किचनचा वजनकाटा घ्या. वाटीत कधी शीग येते कधी नाही, तिथेच घोळ होतो. हिशोब आजच्या वजनावर नाही, व्हायला हव्या त्या वजनावर करायचा. 30 किलो धरले तर दिवसाला सुमारे 900 कॅलरी, सगळं धरून. एक चमचा तूप 45, एक चपाती 100 च्या आसपास, बघा म्हणजे सासूबाईंचे घास कुठे जातात ते. पण नेहमीचंच फूड निम्मं करू नका, प्रोटीन कमी पडून स्नायू झडतात, वजन कमी करायचं वेगळं फूड मिळतं ते व्हेटना विचारून घ्या. आठवड्याला एक ते दोन टक्के उतरलं की पुरे, म्हणजे ठकीचं साधारण 450 ते 850 ग्रॅम. आम्ही आमच्याला दर रविवारी भंगारवाल्याच्या काट्यावर न्यायचो, सकाळी, खायच्या आधी, काटा तोच.

परळ_स्टेशन
थायरॉइड केलंय का? रक्तात साखर किडनी लिव्हर बघितलं म्हणजे तेही बघितलं असं नसतं. केस गेलेत, कान सारखे बिघडतात, अंगात आळस, वजन हलत नाही, तर टी-फोर आणि टीएसएच या थायरॉइडच्या दोन्ही टेस्ट करून घ्या, एकट्या टी-फोरवर गोळ्या चालू करू नका, दुसऱ्या आजारातही तो कमी दिसतो. आणि खाजेसाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं असेल तर तेही व्हेटना सांगा, त्याने भूक भडकते आणि रिपोर्टही हलतो. बाहेर खर्च झेपत नसेल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच, फक्त सकाळी लवकर निघा.

चालण्याचं म्हणाल तर पाच-पाच मिनिटं, दिवसातून चार वेळा, ऊन चढायच्या आधी आणि रात्री. धाप थांबेना किंवा हिरड्या निळसर दिसल्या तर तिथेच थांबायचं आणि थेट व्हेट. घरात फरशीवर योगा मॅट अंथरा, भांड्यापासून झोपायच्या जागेपर्यंत सलग. जिने नकोत. पावसाळ्याआधी लेप्टोची लस झालीय का तेही बघा, साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत असतं.

गिरगावची_माई
सासूबाईंवर चिडू नकोस गं. माझी आई अशीच होती. किती समजावलं, भांडले, काही उपयोग नाही, कारण भरवणं हीच तिची माया करायची रीत. शेवटी सकाळी दिवसभराचं सगळं मोजून स्टीलच्या डब्यात भरायचे आणि डबा तिच्या हातात द्यायचे. म्हटलं आई, आता हा तुझ्या ताब्यात, यातलंच दे, कधी द्यायचं ते तू ठरव. तूप चपाती आपोआप बंद झाली. दाणा दाणा पुरवून द्यायची, वर उकडलेली फरसबी. आणि जेवताना कुत्रीला दुसऱ्या खोलीत नाही पाठवायचं हं, बिचारी आयुष्यभर बाल्कनीतच होती.

मुलुंडकरीण
सगळ्यांचे मनापासून आभार. पंधरा दिवसांनी लिहितेय. थायरॉइड खरंच कमी निघालं, दोन्ही टेस्टवरून कळलं, गोळी चालू झालीय, सहा आठवड्यांनी परत रक्त. मॅट अंथरल्या. डबा सासूबाईंकडे दिला, पहिल्या दिवशी दुपारीच रिकामा झाला आणि संध्याकाळी दोघीही उदास. आता पुरवतात, वर तिच्या कानामागे खोबरेल चोळत बसतात अर्धा-अर्धा तास, कानात थेंबही जाऊ देत नाहीत. काल वजन 42.1.

आणि आज सकाळी गेटपाशी थोडा पाऊस लागला तर ठकीने नाकापासून शेपटीपर्यंत अंग झटकलं. आल्यापासून पहिल्यांदा. चारही पाय जागेवर होते. माई, तो डबा तुमच्या आईचा, हे सासूबाईंना सांगितलंय मी.