मदत हवी आहे : ताऱ्यावरील डाग आणि ग्रहाचे वातावरण यांतील फरक कसा समजावावा?

नमस्कार. आमच्या शाळेतील नववीच्या विद्यार्थ्यांसाठी मी ट्रॅपिस्ट-1 या ताऱ्यावर एक तास घेणार आहे. कुंभ राशीतील हा बटू (म्हणजे सूर्याहून खूप लहान आणि थंड) तारा आपल्यापासून सुमारे 40 प्रकाशवर्षे दूर असून 2017 साली त्याच्याभोवती पृथ्वीच्या आकाराचे एकूण सात ग्रह असल्याचे जाहीर झाले. त्यांतील पहिल्या तिघांची घोषणा 2016 मध्ये झाली होती आणि त्या शोधासाठी चिलीतील ला सिला येथील अवघ्या 60 सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण पुरली, याचे मला आजही अप्रूप वाटते.

इतकी लहान दुर्बीण का पुरली, हे मी मोहरीच्या दाण्याने दाखवते. दोन मिलिमीटरचा दाणा पृथ्वी मानला, तर सूर्य फुटबॉलएवढा आणि हा तारा आवळ्याएवढा ठरतो. त्यामुळे अधिक्रमणाच्या वेळी, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जाताना, दाणा फुटबॉलचा जेमतेम बारा हजारावा भाग झाकतो, पण आवळ्याचा मात्र सुमारे एकशे सत्तरावा. इथवर मुलांना सहज समजते.

अडचण पुढे येते. अशा थंड ताऱ्यांवर डाग असतात, आणि डागांच्या थंड भागात पाण्याची वाफ असल्याने, अधिक्रमणात ग्रहाच्या वातावरणातून येणाऱ्या ताऱ्याच्या प्रकाशाच्या वर्णपटात (रंगांनुसार पसरलेल्या पट्ट्यात) उमटणारी तिची खूण ग्रहाच्या वातावरणातील आहे की ताऱ्याचीच, हे ओळखणे अवघड होते. शास्त्रज्ञ ही उकल नेमकी कशी करतात, आणि ती आकडेमोड टाळून, शक्यतो एखाद्या प्रयोगातून, मुलांपुढे कशी मांडता येईल? ज्यांनी हा विषय शिकवला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.