कायदे आणि भाषांचे जागतिक नकाशे अचूक व अद्ययावत कसे ठेवावेत?

अक्षांश (प्रश्न)

नमस्कार. मी विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियांच्या सामायिक चित्रसंग्रहातील दोन जागतिक नकाशांची देखभाल करतो. एकात कोणत्या देशाने मृत्युदंड रद्द केला आहे ते दाखवले आहे, तर दुसऱ्यात प्रत्येक देशाच्या अधिकृत भाषा दाखवल्या आहेत. दोन्ही एसव्हीजी स्वरूपात (मजकुरासारखी संपादित करता येणारी रेषाचित्रे) असून अनेक भाषांतील विकिपीडियांमध्ये वापरले जातात.

झांबियाने डिसेंबर २०२२ मध्ये मृत्युदंड रद्द केला तेव्हा रंग बदलण्यास कोणाचीच हरकत नव्हती. घानाच्या संसदेने जुलै २०२३ मध्ये सर्वसाधारण गुन्ह्यांसाठीचा मृत्युदंड काढून टाकण्यास मंजुरी दिली, परंतु राज्यघटनेतील देशद्रोहासंबंधीची तरतूद तशीच राहिली. तेव्हापासून एक संपादक रंग बदलतो आणि दुसरा तो पूर्ववत करतो, असे चालले आहे. भाषांच्या नकाशातही हेच होते. बदल करणारे बहुतेक जण आधार देत नाहीत, आणि एखादा देश मागे राहून गेला आहे हे आम्हाला वाचकांच्या तक्रारींवरूनच कळते. अशा नकाशांसाठी टिकाऊ पद्धत कोणती, आणि जुन्या आवृत्त्यांचे काय करावे, यावर अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

---

तळटीप

घानाचा वाद हा घानाविषयीचा नसून आपल्या रंगसूचीविषयीचा आहे, असे मला वाटते. 'आहे' आणि 'नाही' असे दोनच रंग ठेवले तर असे देश कायम भांडणाचे कारण ठरतील. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल ही मानवाधिकार संघटना या विषयात चार गट मानते: सर्व गुन्ह्यांसाठी रद्द, फक्त सर्वसाधारण गुन्ह्यांसाठी रद्द, व्यवहारात रद्द, आणि मृत्युदंड कायम. घानाच्या संसदेने मंजूर केलेल्यासारखा बदल लागू झाला की देश दुसऱ्या गटात सहज बसतो. तिसऱ्या गटाकडे मात्र विशेष लक्ष द्यावे लागते. किमान दहा वर्षे कोणालाही फाशी न देणारा आणि तेच धोरण मानणारा देश त्यात मोडतो, त्यामुळे तेथील रंग एकही कायदा न बदलता बदलू शकतो. संसदेच्या बातम्यांवर नजर ठेवून हा बदल कधीच कळणार नाही.

दुसरा प्रश्न तारखेचा आहे. विधेयक संमत होणे, त्यावर स्वाक्षरी होणे, ते राजपत्रात प्रसिद्ध होणे आणि प्रत्यक्ष अंमलात येणे हे चार वेगळे टप्पे आहेत, आणि त्यांच्यातील अंतर कधीकधी मोठे असते. समलिंगी विवाहाच्या नकाशावर हे ठळकपणे दिसते. थायलंडचा कायदा सप्टेंबर २०२४ मध्ये राजपत्रात आला आणि जानेवारी २०२५ मध्ये लागू झाला. तैवानमध्ये न्यायालयाचा निकाल मे २०१७ चा, तर विवाहनोंदणी सुरू झाली ती मे २०१९ मध्ये. नेपाळमध्ये २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाच्या आधारे नोंदणी होऊ लागली, पण त्यासाठी नागरी संहितेतील विवाहाची व्याख्या बदललेली नव्हती. 'कायद्याचा मजकूर काय म्हणतो' आणि 'नोंदणी प्रत्यक्षात होते का' या दोन प्रश्नांची उत्तरे तेथे वेगळी येतात, आणि आपला नकाशा यांपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो हे सूचीत स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे.

माझे मत असे की रंग अंमलाच्या दिवशीच बदलावा. संमत झालेला पण अद्याप लागू न झालेला कायदा, त्याची तारीख निश्चित असेल तरच, पट्ट्यांनी दाखवावा. केवळ मांडलेल्या विधेयकाला कोणताही रंग देऊ नये. उत्साही संपादक मात्र विधेयक मांडले जाताच रंग बदलतात.

शिवाय एकदा रंगवलेला देश कायमचा निकालात निघाला असे समजणे धोक्याचे आहे. फिलिपिन्सने १९८७ च्या राज्यघटनेने मृत्युदंड रद्द केला, १९९३ मध्ये तो परत आणला आणि २००६ मध्ये पुन्हा रद्द केला.

---

स्तंभ_ओळ

नकाशा हा मूळ दस्तऐवज मानणे हीच मुख्य अडचण आहे. मूळ दस्तऐवज तक्ता असावा आणि नकाशा त्या तक्त्यावरून तयार व्हावा. प्रत्येक देशासाठी एक ओळ ठेवावी आणि तीत देशाचा आयएसओ ३१६६ संकेत (देशांसाठीचा आंतरराष्ट्रीय अक्षरसंकेत), गट, अंमलाची तारीख, आधार आणि 'शेवटचे केव्हा तपासले' ती तारीख लिहावी. शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते तोच सर्वांत उपयोगी आहे. वीस वर्षांत काहीही न बदललेला देश काल तपासलेला असो वा कधीच तपासलेला नसो, नकाशावर तो सारखाच दिसतो. तो रकाना असेल तर सर्वांत जुनी तारीख वर येईल अशी मांडणी करून दर महिन्याला वरचे काही देश तपासता येतात आणि वाचकांच्या तक्रारींची वाट पाहावी लागत नाही.

एसव्हीजीमध्ये प्रत्येक देशाच्या आकाराला त्याचा दोन अक्षरी संकेत दिलेला असेल, तर सर्व रंग संचिकेच्या सुरुवातीच्या शैलीविभागात ठेवता येतात आणि तक्त्यावरून तो विभाग छोट्या प्रोग्रामने पुन्हा लिहिता येतो. असे केल्यास हाताने रंग भरताना एखादे बेट राहून जाण्याचा संभव उरत नाही. तक्ता विकिडेटा या विकिपीडियांच्या सामायिक माहितीसाठ्यात ठेवल्यास प्रत्येक विधानाला प्रारंभकाल, समाप्तिकाल आणि संदर्भ जोडता येतात; म्हणजे जुनी माहिती पुसली न जाता इतिहास म्हणून टिकते.

आता एका बारीक पण त्रासदायक गोष्टीविषयी. कॉमन्सवरची संचिका एकच असते, पण तिच्याखालची रंगसूची प्रत्येक विकिपीडियाच्या लेखात तिथल्या भाषेत स्वतंत्रपणे लिहिलेली असते. तुम्ही जुन्याच नावाखाली घानासाठी नवा रंग आणला, तर इतर भाषांतील सूचींमध्ये त्या रंगाचे स्पष्टीकरण नसेल, आणि दोन गट एकत्र केलेत तर त्या सूची चक्क चुकीच्या ठरतील. म्हणून एखाद्या देशाचा रंग आहे त्याच गटांत बदलत असेल तर जुन्या संचिकेवर नवी आवृत्ती चढवावी. गटच बदलत असतील तर नव्या नावाची संचिका करावी आणि जुन्या संचिकेच्या पानावर तसे नमूद करावे. ऐतिहासिक लेखांसाठी नावातच वर्ष असलेली, पुढे कधीही न बदलणारी प्रत वेगळी ठेवावी.

पायाभूत नकाशाही जुना होतो. दक्षिण सुदान २०११ मध्ये स्वतंत्र झाला, तरी तो नसलेले कोरे नकाशे आजही वापरात दिसतात. देशांतर्गत सीमाही तयार ठेवाव्यात, कारण मेक्सिकोमध्ये समलिंगी विवाह एकेका राज्यात मान्य होत गेला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये शेवटच्या राज्यापर्यंत पोहोचला.

---

बोलीवेध

भाषांच्या नकाशाविषयी लिहितो. अधिकृत भाषांचा नकाशा हा खरे तर कायद्याचाच नकाशा असल्याने वरील सर्व सूचना त्याला लागू पडतात. मालीने जुलै २०२३ च्या नव्या राज्यघटनेत तेरा राष्ट्रीय भाषांना अधिकृत दर्जा दिला आणि फ्रेंचला कामकाजाची भाषा केले. दक्षिण आफ्रिकेने त्याच वर्षी सांकेतिक भाषेला बारावी अधिकृत भाषा केले. अमेरिकेत मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या कार्यकारी आदेशाने इंग्रजीला अधिकृत भाषा ठरवण्यात आले. हा काँग्रेसने केलेला कायदा नाही. या देशाला मालीसारखाच रंग द्यायचा असेल तर निदान तक्त्यात 'दर्जा कशाने मिळाला' असा रकाना हवा. बोलिव्हियाच्या २००९ च्या राज्यघटनेत स्पॅनिश आणि तिच्याशिवाय ३६ स्थानिक भाषा अधिकृत आहेत, त्या एका रंगात कशा दाखवणार हा प्रश्न वेगळाच.

भाषा कोठे बोलली जाते याचा नकाशा मात्र निराळ्या जातीचा आहे, आणि तो या नकाशात मिसळू नये. भाषा अमुक तारखेपासून 'लागू' होत नाही. जनगणना अनेक देशांत दहा वर्षांनी होते, काही देश भाषा विचारतच नाहीत, आणि विचारणारेही कोठे मातृभाषा तर कोठे घरात बोलली जाणारी भाषा विचारतात. बेल्जियममध्ये अशा आकड्यांवरून गावांचा भाषिक दर्जा ठरत असल्याने वाद इतका पेटला की १९४७ नंतर तेथील जनगणनेत हा प्रश्न विचारला गेलेला नाही. त्यामुळे आकडे कोणत्या वर्षाचे आणि कोणत्या प्रश्नाच्या उत्तराचे, हे दोन्ही नकाशावर छापावे.

क्षेत्र रंगवतानाही जपून राहावे. ग्लॉटोलॉग ही जगातील भाषांची ऑनलाइन सूची प्रत्येक भाषेसाठी साधारणपणे एकच बिंदू देते. तो दूरवर पसरलेल्या भाषेसाठी अपुरा असला तरी प्रामाणिक आहे. उलट रंगवलेला पट्टा तेथे सर्वजण तीच भाषा बोलतात असे भासवतो, आणि वाळवंटासारख्या निर्मनुष्य भागालाही भाषा चिकटवतो. आणखी एक व्यावहारिक बाब म्हणजे आयएसओ ६३९-३ चे भाषासंकेत. प्राप्त प्रस्तावांनुसार ते दरवर्षी बदलतात, काही विभागले जातात, काही एकत्र होतात, तर काही रद्द होतात. तक्त्यात कोणत्या वर्षाची यादी वापरली हे लिहिले नाही, तर दोन वर्षांनी तक्ता आणि नकाशा यांची जोडणी तुटते आणि कारण सापडत नाही.

---

अक्षांश

सर्वांचे आभार. तक्ता आधी आणि नकाशा नंतर, हा क्रम मी स्वीकारतो, आणि मृत्युदंडाच्या नकाशासाठी चार गटांची नवी संचिका करतो. एक शंका उरते. बातमी एक सांगते आणि सरकारी संकेतस्थळ दुसरेच, अशा वेळी निर्णय कशावर घ्यावा?

---

तळटीप

बातमी ही केवळ तपासणी सुरू करण्याची सूचना मानावी. रंग बदलण्यासाठी राजपत्र, न्यायालयाचा निकाल किंवा कायद्याचा एकत्रित मजकूर पाहावा; तोही पाहताना त्यात ताज्या दुरुस्त्या समाविष्ट आहेत का हे बघावे, कारण सरकारी संकेतस्थळांवर जुना मजकूर बराच काळ राहू शकतो. जेथे राजपत्र ऑनलाइन मिळत नाही, तेथे एकाहून अधिक स्वतंत्र आधार मिळेपर्यंत जुना रंग ठेवून तक्त्यात वादाची नोंद करावी. आणि ज्या देशाविषयी भरवशाचा आधारच नाही, त्याला 'नाही'चा रंग न देता करडा रंग द्यावा आणि सूचीत त्याचा अर्थ 'माहिती उपलब्ध नाही' असा स्वतंत्र लिहावा.