बालीला परत जायचंय, पण कुटा की चांगू?

मृदुला_ठाणे:
2016 ला लग्नानंतर बालीला गेलो होतो. कुटाला राहिलो, स्कूटर घेऊन चांगूपर्यंत गेलो तर दोन्ही बाजूला भातशेती आणि मधेच एखादं कॅफे, एवढंच आठवतंय. आता मुलं (8 आणि 5) घेऊन मे मध्ये जायचं चाललंय. ऑफिसात सगळे म्हणतात चांगूलाच राहा, कुटाला आता कोण राहतं! टूरवाल्याने 6 रात्रींत 3 हॉटेलं आणि रोज एक 'इन्स्टा पॉइंट' टाकलाय. तेव्हा व्हिसाचे पैसेही पडले नव्हते. एवढं काय बदललंय तिकडे?

फिरस्ता_नाशिक:
व्हिसा ऑन अरायव्हल 5 लाख रुपिया, वर फेब्रुवारी 2024 पासून माणशी दीड लाख रुपिया टुरिस्ट कर (लाख ऐकून घाबरू नका, आपले आठशेच्या आसपास), तो ऑनलाइन भरून जा.
चांगूची भातशेती मात्र विसरा. शेतातून जाणारी एक चिंचोळी शॉर्टकटची वाट आहे ती सुद्धा जाम, 4-5 किमीला आम्हाला पाऊण तास लागला आणि मुलगी गाडीतच झोपली.
इन्स्टा पॉइंटचं म्हणाल तर लेम्पुयांगच्या देवळात आम्ही फोटोसाठी नंबर घेऊन अडीच तास बसलो. फोटोत दरवाज्यापुढे तळं दिसतं ना, ते तळं नाहीच, फोटो काढणारा फोनखाली आरसा धरतो. आई विचारत होती, अरे पण देव कुठल्या बाजूला आहे, दर्शन कधी घ्यायचं 😅

पर्थकर:
आम्ही इथून, पर्थहून, वर्षाआड जातो, चार तासांचं पण विमान नाही. माझं मत विचाराल तर गर्दीचा आकडा फार बदललेला नाही, 2019 ला 62-63 लाख परदेशी आले होते, 2024 ला 63 लाखांच्या थोडे वर. बदललंय ते कोण येतं आणि कुठे राहतं. पहिले आम्ही ऑस्ट्रेलियावाले, ते आहेच, पण दुसरा नंबर आधी चिन्यांचा होता तो आता भारतीयांचा. आणि कोविडनंतर लॅपटॉपवर कुठूनही काम करणारे आले, ते आठवडा नाही तर महिनोन्महिने राहतात, त्यांना व्हिला लागतो, मग शेतकरी जमीन पंचवीस-तीस वर्षांच्या लीजवर देऊन टाकतो. त्याला तरी काय बोलणार.
पण तिथलं पाणी 'सुबक' पद्धतीने वाटतात, देवळाच्या भोवती जमलेली शेतकऱ्यांची मंडळी पाटाचं पाणी ठरवतात, 2012 ला युनेस्कोच्या यादीत पण आलंय. मधल्या एका शेतावर व्हिला उभा राहिला की पाट तुटतो आणि खालच्याचं शेत कोरडं. तुम्ही 2016 ला बघितलेली हिरवळ अशी गेली.
मुलं आहेत तर सानुर बघा. बाहेर प्रवाळाची रांग असल्याने समुद्र उथळ आणि शांत, सगळे म्हातारे आणि कुटुंबं. शेतं बघायचीच असतील तर सिदेमन नाहीतर मुंडुक.

शके_१९४७:
थोडं अवांतर. मे ऐवजी मार्च ठरला तर पंचांग बघा! त्यांचंही शक संवत्सरच, 2025 ला न्येपी (त्यांचा नववर्षाचा मौनाचा दिवस) 29 मार्चला आणि आपला पाडवा 30 ला, दोन्हीकडे 1947च. त्या दिवशी विमानतळ 24 तास बंद, हॉटेलबाहेर पाऊल टाकायचं नाही, रात्री दिवेही मिणमिणते. आदल्या संध्याकाळी राक्षसांचे हे मोठे पुतळे मिरवतात, ते मुलांना जाम आवडेल. बाकी दिवसभर रूममध्ये दोन पोरं सांभाळायची तयारी असेल तरच जा.

मृदुला_ठाणे:
नको, मे च बरा 🙏 टूरवाल्याला सानुर म्हटलं तर म्हणे मॅडम तिकडे रील करण्यासारखं काहीच नाही. म्हटलं चालेल, तेच बुक करा. @पर्थकर, सिदेमनला 2 रात्री ठेवल्या तर 5 वर्षांचा कंटाळेल का? आणि तिथे साधा वरणभात नाही तरी डाळ वगैरे मिळते का?